बोर्ड जिवंत आहे का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



‘आपापल्या कामाविषयी बोला’ असा मंडळाचा आग्रह होता, म्हणून आम्ही आमच्या प्रयोगशाळेतल्या एका नोंदवहीविषयी बोलणार आहोत. ही वही कागदाची नाही. ती एका जुन्या संगणकावर रात्रंदिवस चालते.

आम्ही शासकीय पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत आहोत. विजेचे मीटर, वॉशिंग मशीन, लिफ्ट यांच्या पोटात जी छोटी चिप असते, तिचे प्रोग्राम मुले इथे शिकतात. प्रोग्राम लिहायचा संगणकावर आणि चालवायचा बोर्डावर, म्हणून मधे एक दुभाषा लागतो. आमचा दुभाषा म्हणजे ओपनओसीडी. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने जर्मनीत ऑग्सबर्ग इथे 2005 साली डिप्लोमाच्या प्रबंधासाठी ते सुरू केले. तिथला डिप्लोमा आपल्या पदवीच्या तोडीचा, पण आम्ही डिप्लोमावाले ही गोष्ट सांगायची संधी सोडत नाही!

ओपनओसीडी हा सर्व्हर आहे. तो एकदा सुरू झाला की 3333 क्रमांकाच्या पोर्टवर डिबगरची आणि 4444 वर टाइप केलेल्या आज्ञांची वाट पाहत बसतो. एका रास्पबेरी पायला तीन बोर्ड जोडले तर तीन ओपनओसीडी आणि प्रत्येकाचे पोर्ट वेगळे. आमच्याकडे असे 12 बोर्ड आहेत. कोणता बोर्ड कोणत्या पायवर, कोणत्या पोर्टला, याचा तक्ता आधी भिंतीवर चिकटवलेला असे. कुणी केबल हलवली की तक्ता खोटा.

आपल्या मंडळाची सभासद यादी आठवा. पुण्याला गेलेली कुटुंबे अजून तिच्यात आहेत, आणि वर्गणीला गेलेली मुले कुलूप बघून परत येतात. सरकारी स्टॉक रजिस्टरचे तर विचारूच नका. त्यात वस्तू एकदा चढली की समिती बसून निर्लेखित करेपर्यंत उतरत नाही. जळालेला बोर्डही कागदावर सुस्थितीत असतो. आमच्या नोंदवहीचा नियम नेमका उलटा. दर 10 सेकंदांनी प्रत्येक पायने ‘मी आहे, माझ्याकडे हा बोर्ड आहे, पोर्ट हा आहे’ असे कळवायचे. तीन निरोप चुकले की नाव कटले. समिती नाही, सही नाही.

पण इथे एक मेख आहे. पाय जिवंत असला म्हणजे बोर्ड जिवंत असतोच असे नाही. घरात दिवा जळतो म्हणून माणूस घरी आहे असे थोडेच? केबल निसटली तरी पाय बिचारा ‘मी आहे’ म्हणतच राहतो. म्हणून निरोप पाठवण्याआधी तो चिपला तिचा ओळखक्रमांक विचारतो आणि उत्तर आले तरच नाव कळवतो. हे फक्त मोकळ्या बोर्डांना. कुणाचे काम चालू असताना मधेच चिपला डिवचले तर त्याचा प्रयोग बिघडेल.

बोर्ड ओळखायचा कसा, हेही सोपे नाही. स्वस्तातल्या नकली एसटी-लिंकमध्ये दोघांचे सिरीयल नंबर एकच निघू शकतात. मग यूएसबीच्या कोणत्या भोकात तार आहे, त्यावरून ओळखायचे.

आता खरी गोष्ट. आमच्या काही मुली शेवटच्या बसने गावी जातात. त्यांच्या हातात प्रयोगशाळेचे दोन-अडीच तास. अशा वेळी दुसऱ्या कुणी त्याच बोर्डात शिरून प्रोसेसर थांबवला, तर दिवस गेला. ओपनओसीडी पासवर्ड विचारत नाही, पोर्ट माहीत असला की दार उघडे. म्हणून नोंदवहीत नुसते नाव लिहून भागत नाही. ज्याच्या नावावर बोर्ड, त्याच्याच संगणकाला पायने आत घ्यायचे, अशी सोय आम्ही फायरवॉलने केली.

नाव किती वेळ राहावे यावर आमच्यात बराच वाद झाला. दोन तासांनी सक्तीने काढा, असे काहींचे मत. काढले तर अर्धवट प्रयोगाचे सगळे ब्रेकपॉइंट गेले! शेवटी ठरले ते असे: रांगेत दुसरे कुणी नसेल तर कितीही वेळ बसा. कुणी असेल तर दहा मिनिटे आधी सूचना. आणि बसवाल्यांचा नंबर पहिला. हा शेवटचा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. तो आम्ही घातला, आणि तो राहणार.

जर्मनीतल्या पेंगुट्रोनिक्स कंपनीचे लॅबग्रिड हे सॉफ्टवेअर अशाच कामासाठी आहे. मधोमध कोऑर्डिनेटर, बोर्डापाशी एक्स्पोर्टर. मोठी प्रयोगशाळा असेल त्यांनी तेच घ्यावे. आम्हाला छोटे पुरते.

‘नोंदवहीच बंद पडली तर?’ असे परवा एका काकांनी विचारले. चालू कामे चालूच राहतात, कारण पत्ता मिळाल्यावर संगणक थेट बोर्डाशी बोलतो. फक्त नव्याने कुणाला बोर्ड सापडत नाही. वीज जाऊन आली की सगळे पाय पुन्हा आपापली हजेरी देतात आणि यादी आपोआप भरते. म्हणून तिचा बॅकअपही आम्ही ठेवत नाही.

आरतीला अजून अवकाश आहे. कुणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.