मोझॅक उपटून टेराझो



आमच्या सोसायटीत बारा महिने कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ठोकाठोक चालूच असते. गेल्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडाने फरशी उपटली. जिन्याखाली राडारोड्याची पोती रचली गेली. एका फाटक्या पोत्यातून एक तुकडा डोकावत होता, तो मी उचलला. पिवळसर सिमेंटमध्ये काळे, पांढरे, विटकरी संगमरवराचे खडे. आपली जुनी मोझॅक! दोन दिवसांनी टेम्पोतून नव्या फरशीचे खोके उतरले. नाव विचारलं, तर म्हणाले, ‘टेराझो, सध्या फार चालतंय.’ खोका उघडला, तर आत तेच खडे. फक्त छापलेले.

टेराझो हे मोझॅकचंच माहेरचं नाव. व्हेनिसकडच्या कारागिरांनी संगमरवराच्या कामात उरलेल्या खड्यांतून जमिनी घडवल्या, तिथलं. आपल्याकडे घराला आधी शेणसारवण, मग कोबा, मग शहाबादी. हे शहाबाद म्हणजे मुंबईहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं, गुलबर्ग्यापलीकडचं गाव. ज्या गावाचं नाव इतक्या स्वयंपाकघरांत रोज पायाखाली येतं, तिथे आपल्यापैकी किती जण उतरले असतील कोण जाणे! रंगीत नक्षीची फरशी विलायतेहून बोटीने यायची. 1922 साली मुंबईत फेरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या ओढीने भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली. पुढे दहा इंची मोझॅक चाळीपासून बंगल्यापर्यंत सगळीकडे पोचली. मग आरशासारखी चकचकीत ‘दोन बाय दोन’ आली. ओल्या पायाने तिच्यावर घसरून झाल्यावर आता मॅट फिनिश आलं आहे.

छापलेल्या फरशीत आणि मोझॅकमध्ये एक मोठा फरक आहे. छापलेल्या फरशीवरचं चित्र म्हणजे पृष्ठभागावरचा शाईचा थर. तिचा टवका उडाला, की आतलं पांढरट अंग उघडं पडतं. मोझॅकमध्ये वरचा पाच-सहा मिलिमीटरचा थर सगळाच खड्यांचा असतो. तो घासला, की खालून तसेच खडे वर येतात. तीस-चाळीस वर्षांची मळकी फरशी मशीन पॉलिशने पुन्हा उजळते ती त्यामुळेच. आधी जाड दाण्याचा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड.

‘उपटायला नको, आम्ही वरूनच चिकटवून देतो,’ असं हल्ली हमखास सांगतात. धूळ कमी, आवाज कमी, हे खरं. पण हिशोब करा. दहा मिलिमीटर जाडीची फरशी चौरस फुटाला दोन किलोच्या वर भरते. पाचशे चौरस फुटांच्या घरात तुम्ही एक टनाहून जास्त वजन स्लॅबवर चढवलंत, आणि चिकटवायचा मसाला त्यावर वेगळा. जुनी इमारत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. खोल्यांची जमीन अर्धा-पाऊण इंच वर आली, की सुताराला बोलावून सगळे दरवाजे खालून तासावे लागतात. बाथरूमची जमीन त्याहून वर गेली, तर पहिल्याच आंघोळीचं पाणी दिवाणखान्यात फेरफटका मारून येतं. ढाळ नेहमी मोरीकडे हवा. ही गोष्ट आपल्या आज्यांना गवंड्याशिवाय कळत होती.

भिंतींचे रंग, फॉल्स सीलिंग, उघडं स्वयंपाकघर यांबद्दल मी आज बोलत नाही. चुकलं तर ते बदलता येतं. उपटलेली मोझॅक मात्र परत लावता येत नाही, आणि तशी घडवणारे कारखानेही आता थोडेच उरलेत.

मी स्वतः आमच्या घराची मोझॅक घासून घेतली. तीन दिवस लागले. त्यात एक चूक केली, ती सांगून टाकतो. घासताना राखी रंगाची, पिठल्यासारखी राड निघते. ती बादलीत भरून बाहेर न्यायची असते. आम्ही ती नहाणी ट्रॅपमध्ये ओतली. रात्रभरात ती आत घट्ट बसली. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांच्या मोरीत पाणी तुंबलं होतं. प्लंबरने पाइप कापून आतला गाळ बाहेर काढला. उन्हात वाळल्यावर तो दगडासारखा झाला होता. काकूंनी तो ठेवून घेतला आहे. त्यांच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीला त्याचंच टेकण आहे.