गडाचा दगड आणि सागराची साक्ष



बीड जिल्ह्यातील नारायणगडाला भाविक 'धाकटी पंढरी' म्हणतात. संत नगद नारायण महाराजांच्या या स्थानी येणाऱ्या अनेक वारकऱ्यांच्या देव्हाऱ्यात एक काळा, गुळगुळीत, वाटोळा दगड असतो. तो शाळिग्राम. तुळशीच्या लग्नात त्याला वराचा मान मिळतो आणि त्यावरील चक्र हे नारायणाचे चिन्ह मानले जाते. भूविज्ञानाच्या दृष्टीने हे चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा होय. हा प्राणी आजच्या माकुळाचा दूरचा आप्त. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हिमालय उभा राहण्याच्या फार आधी, त्या जागी टेथिस समुद्र पसरलेला होता. त्याच्या तळाच्या चिखलात ही कवचे रुतली, चिखलाचा दगड झाला, पुढे तो तळ उचलला जाऊन पर्वत झाला आणि नेपाळातील काली गंडकीने ते गोटे खाली वाहून आणले. अशा रीतीने सागरी अपृष्ठवंशी प्राण्याचा, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याचा, जीवाश्म समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे. श्रद्धा आणि शास्त्र येथे एकमेकांच्या आड येत नाहीत. शाळिग्राम फोडून पाहण्याचे काहीच कारण नाही. तो डोळ्यांनी पाहिला तरी पुष्कळ शिकवतो.

मग साहजिकच प्रश्न येतो. गडाच्या परिसरातील दगडांत असा एखादा सागरी जीवाश्म सापडेल काय? शालेय कालपटात 'डेव्होनियन' हे नाव विद्यार्थी वाचतात. त्या काळातील शंख-शिंपले आपल्या रानात मिळतील काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु ते का, हे समजून घेतले की जीवाश्मांच्या संग्रहाचे आणि ओळखीचे निम्मे शास्त्र हाती येते. कारण जीवाश्म ओळखण्याचे काम दगड हातात घेतल्यावर सुरू होत नाही. तो कोणत्या खडकात, कोणत्या थरात होता, या प्रश्नापासून ते सुरू होते.

प्रवाळांनी लावलेला निवाडा

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण डेव्होनियन या नावातच आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथील खडक किती जुने, याविषयी १८३० नंतरच्या दशकात मोठा वाद माजला होता. केवळ रंग, काठिण्य आणि घड्या पाहून ते फार प्राचीन ठरवले जात होते. विल्यम लॉन्सडेल यांनी दक्षिण डेव्हनच्या चुनखडकातील प्रवाळांचे जीवाश्म बारकाईने तपासले. ते त्याहून जुन्या सिल्युरियन प्रवाळांसारखे नव्हते आणि नंतरच्या, दगडी कोळशाच्या काळातील प्रवाळांशीही जुळत नव्हते. ते मधल्या टप्प्याचे होते. या निष्कर्षाच्या आधारे सेजविक आणि मर्चिसन यांनी १८३९ मध्ये 'डेव्होनियन' हा स्वतंत्र कालखंड मांडला. आजच्या गणनेप्रमाणे तो सुमारे ४१.९ कोटी ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

त्या काळातील प्रवाळांनी आणखी एक साक्ष दिली. प्रवाळाच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा उमटतात आणि वर्षागणिक मोठे वलय पडते. १९६३ मध्ये जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने डेव्होनियन प्रवाळांवरील अशा रेषा मोजल्या, तेव्हा एका वर्षात त्या सुमारे ४०० भरल्या. म्हणजे त्या काळी वर्षाचे दिवस अधिक होते आणि दिवस सुमारे २२ तासांचा होता. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गती मंदावत आली, या खगोलशास्त्राच्या अनुमानाला बोटाएवढ्या दगडाने दुजोरा दिला. परंतु ते दगड कोणत्या थरातून काढले याची नोंद नसती, तर या मोजणीला काहीच अर्थ राहिला नसता.

सागरी जीवाश्मांची ओळख

डेव्होनियन समुद्रातील चार प्रकारचे प्राणी नवशिक्यालाही ओळखता येतात. पहिला ब्रॅकिओपॉड. तो शिंपल्यासारखा दिसतो, पण शिंपला नव्हे. शिंपल्याच्या दोन झडपा एकमेकींच्या प्रतिमा असतात आणि प्रत्येक झडप स्वतः एका बाजूला कललेली असते. ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा असमान असतात. मात्र एकेका झडपेच्या मध्यावर रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळते. ही एक कसोटी मुलांना आली तरी खूप झाले. दुसरा ट्रायलोबाइट. त्याचे शरीर लांबीच्या दिशेने तीन खंडांत विभागलेले असते. नावाचा अर्थही तोच. तिसरा क्रिनॉइड, म्हणजे समुद्रतळाला देठाने चिकटलेला, फुलासारखा प्राणी. त्याचा देठ बहुधा सुटून मोकळ्या झालेल्या, मध्ये भोक असलेल्या चकत्यांच्या रूपात सापडतो; जणू तुटलेल्या माळेचे मणीच. चौथे प्रवाळ. एकटे वाढणारे शिंगाच्या आकाराचे असते आणि त्याच्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती दिसतात. वसाहत करून राहणारे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते.

भारतात या काळाचे खडक हिमालयात आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या पिन खोऱ्यात मुद नावाचे गाव आहे. त्यावरून फर्डिनांड स्टॉलिझ्का यांनी १८६५ मध्ये तेथील पांढऱ्या वालुकाश्माच्या थरांना नाव दिले. या थरांत कवचे विरळ आहेत. परंतु प्राचीन किनाऱ्यावरून चालत गेलेल्या संधिपाद प्राण्यांच्या पावलांच्या रांगा त्यांत उमटलेल्या आहेत. शाळिग्रामाचे अ‍ॅमोनाइट ज्या काळ्या थरांतून येतात, त्यांनाही शास्त्रात स्पितीचेच नाव आहे. मात्र ते थर मुदच्या थरांहून वीस कोटींहून अधिक वर्षांनी तरुण आहेत.

नारायणगडाचा खडक काय सांगतो?

बीड जिल्ह्याचा खडक या दोहोंहून वेगळा आहे. तो बेसाल्ट, आपला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. वितळलेल्या खडकात जीव टिकत नाही. शिवाय डेव्होनियन काळ आणि या लाव्हाच्या दरम्यान सुमारे तीस कोटी वर्षांचे अंतर आहे. म्हणून नारायणगडाच्या काळ्या दगडात डेव्होनियन शिंपला शोधणे म्हणजे बाजरीच्या कणसात आंबा शोधण्यासारखे आहे.

तथापि या खडकात जीवाश्मांचा भास घडवणाऱ्या वस्तू विपुल आहेत आणि शिक्षकांनी त्या आधी ओळखल्या पाहिजेत. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजांचे पंख्यासारखे स्फटिक वाढतात. ते प्रवाळ वाटतात. भेगांच्या सपाट पृष्ठावर मँगॅनीजची काळी नक्षी नेच्याच्या पानासारखी उमटते. ती वनस्पती नव्हे. दगड झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो आणि आत वाटोळा गोळा उरतो. त्याला कोणी अंडे समजतो. काळ्या मातीत झाडांच्या मुळांभोवती चुनखडीच्या नळ्या तयार होतात. त्यांना हाडे मानण्याची चूक नेहमी होते. अशी वस्तू घेऊन विद्यार्थी आला तर त्याला हिणवू नये. तो निरीक्षण करतो आहे, हेच मोलाचे. 'हा जीवाश्म का नाही' हे त्याला पटवून देणे हाही विज्ञानाचा पाठच आहे.

मग महाराष्ट्राच्या लाव्हात जीवाश्म मुळीच नाहीत काय? आहेत, पण लाव्हात नव्हेत, दोन लाव्हांच्या मध्ये. एक प्रवाह थंड झाल्यावर त्यावर तळी साचली, त्यांत गोगलगाई आणि वनस्पती वाढल्या आणि पुढच्या प्रवाहाने ते सारे झाकले. यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळील टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने असे थर पाहिले आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. या थरांतील 'फायसा प्रिन्सेपी' ही गोगलगाय १८४० पासून शास्त्राला ठाऊक आहे. तिची खूण सोपी आहे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर बहुतेक गोगलगाईंचे तोंड उजवीकडे येते. फायसाचे डावीकडे येते. ही गोगलगाय गोड्या पाण्यातली. त्यामुळे तेथे समुद्र नव्हता, तळे होते, हे सिद्ध होते. एका डाव्या वळणाच्या शंखाने भूगोल सांगितला तो असा.

खरे सागरी जीवाश्म पाहायचे तर मराठी मुलखाला जवळचे ठिकाण मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातले बाघ हे होय. लाव्हापूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा एक फाटा शिरला होता. त्याची साक्ष तेथील चुनखडकांत आहे. प्राध्यापक जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३७ पासूनच्या काही वर्षांत तेथील समुद्री साळू, ब्रॅकिओपॉड, शिंपले आणि अ‍ॅमोनाइट यांचे क्रमाने वर्णन केले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजेच आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, हा अभ्यास पुढे चालला.

बीड जिल्ह्याला मात्र आणखी एक ठेवा लाभलेला आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि मांजरा याच जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावते. या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्या गाळात प्राचीन हत्ती आणि रानबैलांची अश्मीभूत हाडे मिळालेली आहेत. मांजरेच्या काठी लातूर जिल्ह्यात, तर गोदावरीच्या काठी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे. त्यांच्यासोबत गोड्या पाण्यातील शिंपाही आढळतात. शिंपा दिसली की 'येथे समुद्र होता' असे म्हणण्याची घाई होते. ती टाळावी. नदीलाही शिंपा असतात.

नोंद नसेल तर दगड मुका

विहिरी, शेततळी, रस्ते आणि मुरमाच्या खाणी यांमुळे आज जमीन पूर्वी कधी नव्हती इतक्या वेगाने खोदली जात आहे. लाखो वर्षे अबाधित राहिलेला थर यंत्राच्या एका पाळीत नाहीसा होतो. त्यातून एखादे हाड किंवा शंख वर आला आणि कोणी तो शोभेसाठी घरी नेला, तर वस्तू वाचते. पण तिची साक्ष मरते. किती खोलीवर होती, खाली काय होते, वर काय होते, हे पुन्हा कधीच कळत नाही. खोदलेली जमीन पूर्ववत करता येत नाही. येथे नुकसान पैशाचे नसते. ते ज्ञानाचे असते आणि म्हणूनच भरून निघत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. जीवाश्मासारखे काही दिसताच ते उपसू नये. प्रथम जागच्या जागी, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. वहीत गाव, गट क्रमांक, तारीख, जमिनीपासूनची खोली, थराचा रंग व जाडी आणि पाहणाऱ्याचे नाव लिहावे. वस्तू थरात घट्ट होती की मोकळी पडलेली होती, हे अवश्य नमूद करावे; वाहून आलेल्या दगडाची साक्ष दुय्यम असते. सुटा नमुना उचलायचाच झाला तर जमीनमालकाच्या संमतीने उचलावा, त्याच्या कडेला क्रमांक घालावा, तोच क्रमांक वहीत लिहावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवावा. आम्लाने धुऊ नये, डिंकाने चिकटवू नये, तेल लावू नये. वनजमीन आणि संरक्षित स्मारकांच्या हद्दीत तर परवानगीवाचून हात लावू नये. ओळख पटवण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे एक भिंग शाळेला पुरेसे आहे. पुढचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय नागपूरला आहे. नदीगाळातील हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालेला आहे.

ग्रामपंचायतीने खोदकामाच्या ठिकाणी एवढी एक सूचना जरी दिली की, वेगळे काही दिसल्यास काम थोडे थांबवून शाळेला कळवावे, तरी पुष्कळ साधेल. शाळेने त्यासाठी एक नोंदवही राखावी. पहिल्या पानावर गावच्या काळ्या दगडाचा तुकडा, त्याचे स्थळ आणि त्याचे वय असावे. पुढची पाने कदाचित अनेक वर्षे कोरी राहतील. राहिली तरी चालेल. ज्या दिवशी एखाद्या विहिरीतून बोलणारा दगड वर येईल, त्या दिवशी त्याचे म्हणणे टिपून घेणारी वही गावात तयार असली पाहिजे.