रसायनातील नीरक्षीरविवेक



कपड्यांच्या कपाटातील डांबराची गोळी घरोघरी परिचयाची आहे. गोळी शुभ्र, पण नाव डांबराचे. कारण तिच्यातील नॅप्थॅलीन मुळात कोळशाच्या डांबरातून काढले गेले. पोलादासाठी लागणारा कोक बनविताना कोळसा बंद भट्टीत तापवितात, तेव्हा हे डांबर निघते. दिसायला ओंगळ, परंतु रंगांची, औषधांची, जंतुनाशकांची मूळ द्रव्ये त्याच्या पोटात असतात.

या डांबराशी भारताचे कटू नाते आहे. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने नॅप्थॅलीनपासून बनविलेली कृत्रिम नीळ बाजारात आणली. बिहारमधील निळीचा व्यापार ढासळत गेला आणि गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेच्या माथी मारला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे हीच व्यथा होती. कोळसा भारतातही होता. नव्हती ती त्यातून हवे ते वेगळे काढण्याची विद्या.

ही विद्या सोपी नाही. डांबरतेलातील क्विनोलिन २३८ अंशांना उकळते, तर एक मिथाइल नॅप्थॅलीन २४१ अंशांना. केवळ ऊर्ध्वपातनाने त्यांना विलग करणे इंधनखाऊ आणि जिकिरीचे ठरते. येथे द्रवपटल उपयोगी पडते. या तंत्राचे पेटंट एसो कंपनीचे नॉर्मन ली यांना १९६८ साली मिळाले. तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती साबणासारख्या द्रव्याने स्थिरावलेले पाण्याचे पातळ आवरण तयार करतात आणि ते थेंब दुसऱ्या तेलात सोडतात. पाण्याशी सलगी असलेले क्विनोलिन आवरणातून झपाट्याने पार होते. नॅप्थॅलीनवर्गीय द्रव्ये बव्हंशी मागे राहतात. फारशा उष्णतेविना साधलेला हा नीरक्षीरविवेकच होय! अडचणीही आहेत. आवरण फुटले तर सारे पुन्हा मिसळते, आणि काम संपल्यावर तेच आवरण मुद्दाम मोडावे लागते. म्हणूनच प्रयोगशाळेतील यश कारखान्यात उतरविणे कठीण जाते.

ठाणे-बेलापूर पट्ट्याला रसायन उद्योगाचा अनेक दशकांचा अनुभव आहे. खाडीपलीकडे माटुंग्यात दीर्घकाळ रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण दिले जात आहे. तेथे प्रा. मनमोहन शर्मा यांनी सारख्या उत्कलनबिंदूंच्या द्रव्यांना विलग करण्यावर मूलगामी संशोधन केले. आज देश बहुतांश खनिज तेल आयात करतो. कोळसा मात्र बहुतांशी घरचा आहे. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधील खाडी ओलांडली गेली, तर स्वदेशी ही घोषणा न राहता सिद्धी होईल. खाणीतील संपत्ती दैवाने मिळते. ती विलग करण्याची विद्या मात्र तपश्चर्येनेच मिळवावी लागते.