प्लग आधी हाताने बसवायचा
(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं की प्रत्येकाने आपल्या धंद्यातलं, बाकीच्यांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी पंधरा मिनिटांत सांगायचं. सकाळी आपल्या डॉक्टरने शुगरबद्दल सांगितलं, त्यानंतर निम्म्या लोकांनी चहा बिनसाखरेचा घेतला. मग बँकवाल्याने मृत्युपत्राबद्दल सांगितलं आणि उरलेले निम्मेही गप्प झाले. आता माझी पाळी. मला दहावीला किती मार्क होते ते इथे सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा मी मोठं काही सांगणार नाही. शहाद्याला दोंडाईचा रस्त्यावर माझं गॅरेज आहे. मी स्पार्क प्लगबद्दल बोलणार आहे. बोटाएवढी वस्तू, पण तिच्यापायी माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती ज्यांच्या बाबतीत झाली ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. तिथवर येतोच.

नववीत का दहावीत, प्रयोगशाळेत सरांनी इंडक्शन कॉइलवर ठिणगी दाखवली होती, आठवतं? पडदे ओढले होते, मुली किंचाळल्या होत्या. पेट्रोल गाडीत हेच असतं. बॅटरी १२ व्होल्टची. कॉइल ते व्होल्टेज पंधरा-वीस हजारांपर्यंत चढवते आणि प्लगच्या टोकाशी, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या फटीत, ठिणगी पडते. त्या फटीला आम्ही गॅप म्हणतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १५०० वेळा पेटतो, कारण दोन फेऱ्यांत एकदा त्याची पाळी येते. म्हणजे तासाभराच्या प्रवासात नव्वद हजार ठिणग्या. एवढं काम करून बिचारा शंभर-दोनशे रुपयांचा.

मी सुरतेला गॅरेजात काम शिकलो आणि १९९५ ला शहाद्याला परत आलो. तेव्हा छोटी गाडी म्हणजे मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ती बनवणं थांबवलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. बॉनेट उघडलं की डिस्ट्रिब्युटरमधून निघालेल्या वायरी दिसायच्या. प्लग मागायचा तर "मायको द्या" म्हणायचं. नाशिकचा मायको सर्कल सगळ्यांना माहीत आहे, पण तिथल्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनतात, प्लग बेंगळुरूचे. कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, तरी आमच्याकडे जुनी गिऱ्हाइकं अजून मायकोच म्हणतात.

आता उपयोगाचं. गाडी झटके मारते, चढावर पिकअप देत नाही, सकाळी लवकर सुरू होत नाही, पेट्रोल जास्त खाते. तुम्ही गॅरेजला जाता, मेकॅनिक म्हणतो प्लग बदलू, तुम्ही म्हणता बदला. तो जुने प्लग काढून कचऱ्यात टाकतो. तिथे त्याला थांबवा. "जुने आधी मला दाखव," म्हणा. कोणत्या सिलिंडरचा कोणता, त्या क्रमाने फडक्यावर मांडायला सांगा. आपले डॉक्टर जीभ बघतात ना, तसं आम्ही प्लगचं नाक बघतो.

नाक म्हणजे आतल्या टोकाचा पांढरा चिनीमातीचा भाग. तो फिकट तपकिरी, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा असेल तर इंजिन ठीक आहे. फक्त टोक झिजून गॅप वाढला असेल, तर प्लगचं वय झालं. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. आपल्याकडे निम्म्या वेळा एअर फिल्टर असतो. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांच्या बाजूने, नाहीतर शेतातल्या कच्च्या रस्त्याने रोज जाणारी गाडी असेल, तर तिचा फिल्टर झटकला की काय काय पडतं ते या एकदा बघायला. घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच गाडी फिरत असेल तरी काजळी धरते, कारण प्लग तापतच नाही. ओला, तेलकट काळा असेल तर खालून ऑइल वर येतंय. रिंग नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेलेत. तिथे नवा प्लग टाकणं म्हणजे गळक्या घराला रंग देणं. आणि नाक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर गाडी वापरायची थांबवा. इंजिन जास्त तापतंय. ते असंच चालवलं तर पिस्टनला भोक पडतं, मी पाहिलंय.

एक फसवणूक सांगतो. मेकॅनिक प्लग बाहेर काढून वायरीला लावतो, इंजिनाच्या लोखंडाला टेकवतो, सेल्फ मारतो, निळी ठिणगी दिसते. "बघा साहेब, प्लग चांगला आहे." तसं नसतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरच्या आत हवा दाबलेली असते, तिच्यातून उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर पेटणारा प्लग आत मुका होऊ शकतो. सगळेच मेकॅनिक मुद्दाम फसवतात असं नाही, पुष्कळांना हे माहीतच नसतं. मलाही सुरतेत चार वर्षं माहीत नव्हतं.

निवडायचा कसा? गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात प्लगचा नंबर दिलेला असतो, तोच घ्यायचा. एवढं सांगून मी बसू शकलो असतो, पण लोक दुकानात फसतात ते नंबरामुळेच. आपल्यापैकी एक जण (बघा, हसतोय) मोठ्या नंबरचा प्लग घालून आला होता, का तर मोठा म्हणजे ताकदीचा. तो नंबर ताकदीचा नसतो, उष्णतेचा असतो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही, त्याच्या फार वर गेलं तर ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल आपलं आपणच पेटतं. चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तो थंड. आणि गंमत बघा, बॉशच्या प्लगवर नंबर जितका मोठा तितका प्लग गरम, एनजीकेच्या प्लगवर नंबर जितका मोठा तितका थंड. कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवला तर काम उलटं होतं. कोणत्या नंबराच्या बदल्यात कोणता चालतो याचा तक्ता दुकानदाराकडे असतो, तो मागायचा. नंबरात आर हे अक्षर असेल तर ते सोडू नका. त्या प्लगमध्ये रेझिस्टर असतो, त्याने रेडिओत खरखर येत नाही आणि आताच्या गाड्यांच्या कॉम्प्युटरला त्रास होत नाही.

नव्या गाड्यांत इरिडियमचे प्लग येतात. महाग आहेत, पण खूप जास्त चालतात. साधा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला बदलावा, इरिडियमचा कंपनी सांगेल तेव्हा. त्याचं टोक सुईसारखं बारीक असतं. ते पॉलिश पेपरने घासायचं नाही, तारेच्या ब्रशने नाही, आणि नाणं घालून गॅप करायचा तर अजिबात नाही. साध्या प्लगचा गॅप मात्र नवा असला तरी फिलर गेजने बघायचाच. खोक्यातून आला म्हणजे बरोबर असेल असं नाही. पॉइंटवाल्या मारुतीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागायचा. आणि गाडी गॅसवर असेल तर प्लगकडे अजून लवकर बघा, गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते.

आता बसवणं. ज्यासाठी मी उभा राहिलोय ते इथून पुढे.

१९९८. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला ते वर्ष. पावसाळा संपता संपता सर गॅरेजला आले. सेकंडहँड मारुती ८०० घेतली होती, पांढरी. मला केवढा आनंद झाला! ज्या सरांनी मला सायन्सच्या तासाला वर्गाबाहेर जास्त आणि आत कमी बसवलं, ते माझ्या गॅरेजात खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी दाखवायला गेलो, किती फटाफट काम करतो ते. गाडी नुकतीच चालून आलेली, इंजिन तापलेलं. हेड ॲल्युमिनियमचं. थंड होऊ द्यायला हवं होतं, मी दिलं नाही. दोन प्लग बसले. तिसरा मी हाताने न लावता सरळ पान्यात घालून फिरवला. जड जात होता. हाताला कळलं होतं. मी जोर लावला.

आटे गेले. प्लगचे आटे पोलादाचे, हेडचे ॲल्युमिनियमचे, दोघांची मारामारी झाली की कोण हरतं ते सांगायला नको. प्लग तिरका जाऊन अडकला. मी पुढे काही बोललो नाही. आवळला तेवढा आवळला, गाडी सुरू केली, आवाज बरा आला. सर पैसे देऊन गेले.

दिवाळीच्या सुट्टीत सर, बाई आणि त्यांची लहान मुलगी तोरणमाळला निघाले. सातपायरी घाटात, चढावर, बंदुकीसारखा आवाज झाला आणि तो प्लग हेडमधून उडून बाहेर आला. अंधार पडायला आला होता. तेव्हा मोबाइल नव्हते. त्या रस्त्याला संध्याकाळनंतर गाडी मिळणं म्हणजे नशीब. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत होती, गरम इंजिनावर. सरांनी चावी लगेच बंद केली, म्हणून पुढचं काही झालं नाही. लाकडं घेऊन येणाऱ्या दोघांनी त्यांच्याजवळ बसून सोबत केली, "काय व्हयनं भाऊ?" म्हणून विचारलं, पाणी दिलं. रात्री उशिरा एका जीपवाल्याने तिघांना खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी ओढून आणली. हेड काढलं, धुळ्याला लेथवाल्याकडे नेलं, भोक मोठं करून आतून पोलादी बुश बसवून आणला. सरांनी विचारलं, "कशामुळे झालं रे?" मी म्हणालो, "सर, जुनी गाडी आहे, आटे झिजतात." आणि १८५० रुपये घेतले.

सर, गाडी जुनी होती म्हणून ते झालं नव्हतं.

तेव्हाच सांगायचं होतं. मग वाटलं, पुढच्या वेळी सांगू. मग तुमची बदली झाली, मग मला मुलगा झाला, मग सांगायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला समजावलं. माझ्या जुन्या वहीत ती १८५० ची नोंद आहे, तिच्यापुढे मी तेव्हाच पेन्सिलने फुली मारली होती. ते पैसे मी आज पाकिटात घालून संयोजकांकडे दिले आहेत. तुम्ही घेणार नाही हे मला माहीत आहे. नाहीच घेतले तर प्रयोगशाळेला एक नवी इंडक्शन कॉइल घ्यावी, एवढीच विनंती.

त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात प्लग बसवायची एकच पद्धत आहे. पोरं कंटाळतात, पण करतात. इंजिन पूर्ण थंड. प्लगच्या खोबणीत आधी हवा मारायची, म्हणजे धूळ सिलिंडरमध्ये पडत नाही. जिथे वायरी आहेत तिथे एका वेळी एकच काढायची, रबराच्या टोपीला धरून, वायरीला नाही. आणि मग पेट्रोलच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा घ्यायचा, तो प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि त्यानेच प्लग भोकात उतरवायचा. आधी थोडा उलटा फिरवायचा. एक बारीकशी टक् होते, आटे एकमेकांवर येतात, मग सरळ फिरवायचा. तिरका लागला तर पाइप प्लगवर घसरतो, तुम्हाला जोर लावताच येत नाही. पाना शेवटी. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा आवळायचा, वॉशर दबला की बस. तोच प्लग परत बसवताना घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं सरकावं इतकाच. टॉर्क पाना असेल तर उत्तम.

हा पाइपचा तुकडा मी खिशात घालून आणलाय. प्लग पाना आणि फिलर गेज स्कूटरच्या डिकीत आहे. गाड्या सकाळपासून मैदानात उभ्या आहेत, जेवण होईपर्यंत इंजिनं गार झालेली असतील. ज्यांना आपले प्लग बघायचे असतील त्यांनी जेवणानंतर चिंचेच्या झाडाखाली या. पैसे नाहीत, फक्त रांग लावा, प्रार्थनेला लावायचो तशी. सरांना आज त्यांच्या मुलीने आपल्या गाडीतून आणलंय, घाटात होती तीच मुलगी. तिची गाडी मी पहिली घेणार आहे. ताई, बॉनेट उघडून ठेवा, मी जेवून आलोच.