ओळखीची चिठ्ठी पुरत नाही
(पदवीधर मेळाव्यातील भाषण)



बेळगाव-निपाणीची आपली जुनी घराणी, ओळखी दांडग्या. म्हणून मुलाला इंटर्नशिप हवी असली की वडीलच चिठ्ठी लिहितात. आम्हीही बी.कॉम. झाल्यावर अशीच चिठ्ठी घेऊन एका पेढीवर गेलो. मालकांनी चहा पाजला आणि एक व्हाउचर पुढे केले. नोंद कोणत्या खात्याला करायची, ते सांगता आले नाही. चहा पिऊन घरी आलो!

तेव्हा मुलांनो, स्वतः जा. उद्यमबागेतला कारखाना असो वा कागलची पंचतारांकित एमआयडीसी, तिथे काय बनते ते आधी विचारून घ्या. अर्ज एकाच पानाचा करा. टॅली, जीएसटी, ड्रॉइंग, जे खरोखर येते तेच लिहा. मराठीबरोबर कन्नड, हिंदी येत असेल तर तेही लिहा. सीमाभागातल्या मुलांचे ते भांडवल आहे. परीक्षा संपायची वाट पाहू नका.

शिवाय १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा फक्त आयटीआय आणि इंजिनिअरांसाठी नाही. २०१४ च्या दुरुस्तीने तो बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही खुला झाला. केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर नोंदणी करा. काम शिकताना दरमहा विद्यावेतन मिळते.

पालकांनो, चिठ्ठी जरूर द्या, पण त्याआधी मुलाला एक व्हाउचर लिहायला बसवा. एवढे बोलून आम्ही थांबतो.