दुखणं एकट्या डॉक्टरचं नव्हे



जखम भरते, टाके निघतात, पण दुखणं काही जात नाही. १९४४ साली अमेरिकेतल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात जॉन बोनिका या तरुण भूलतज्ज्ञांपुढे असेच जवान येत होते. कापून टाकलेल्या पायाची बोटं ठणकतात, असं कुणी सांगे. पुस्तकांत उत्तर मिळेना. तेव्हा त्यांनी मेंदूविकारांचे, मानसोपचारांचे जाणकार दुपारच्या जेवणाला एकत्र बोलावले आणि जेवता जेवता अवघड रुग्णांवर चर्चा होऊ लागली. बोनिका स्वतः व्यावसायिक कुस्तीगीर होते. आखाड्यातल्या दुखापतींनी त्यांना जन्मभर छळलं. या कामातली त्यांची तळमळ तिथूनच आली असावी, असं मला वाटतं.

पुढे मात्र वाट चुकली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत ताप-नाडीबरोबर ‘वेदना शून्य ते दहांपैकी किती?’ असंही विचारू लागले. हेतू चांगलाच होता. पण घाईगर्दीच्या तपासणीत त्या आकड्यावरचा सोपा उपाय ठरला गोळी. अफूवर्गीय औषधांचे डोस वाढले, व्यसनं जडली, माणसं दगावली.

२०१८ साली मिनियापोलिसच्या डॉ. एरिन क्रेब्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. याच रुग्णालयांतले, पाठ, खुबा किंवा गुडघा सतत दुखणारे २४० रुग्ण वर्षभर पाहिले. अफूवर्गीय औषधांनी रोजच्या हालचाली इतर वेदनाशामकांपेक्षा जास्त सुधारल्या नाहीत. उलट, इतर औषधं घेणाऱ्यांचं दुखणं किंचित कमीच राहिलं.

त्याआधी, २०१६ च्या कायद्याने या रुग्णालयांना वेदना-उपचारांचं पथक नेमणं भाग पाडलं होतं. अशा पथकात फिजिओथेरपिस्ट जिना चढायला लावून बघतो, मानसशास्त्रज्ञ झोपेची आणि दुःस्वप्नांची चौकशी करतो, औषधतज्ज्ञ सगळ्या गोळ्या पुढ्यात घेऊन कुठली कुणाशी जमत नाही ते पाहतो. किती दुखतं, एवढ्यावर कुणी थांबत नाही. दुखण्यापायी काय करायचं राहून गेलं, हेही विचारतात. नातवाला उचलून घेणं, पुन्हा मासेमारीला जाणं, असं काहीही. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

एक धोका आहे. वर्षानुवर्षं घेतलेली अफूवर्गीय औषधं एकदम तोडली तर रुग्णाचे हाल होतात, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तसा इशाराच दिला. डोस हळूहळू, रुग्णाशी बोलून उतरवायचा असतो, आणि त्या काळात फोन उचलणारं कुणीतरी पथकात हवंच.