रुग्णाच्या वाट्याची मात्रा
(क्ष-किरण तंत्रज्ञांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



 ज्या विषयाने माझे मन दीर्घकाळ व्यापले आहे तोच आपल्यापुढे मांडावा, असे मला वाटते. निदानासाठी म्हणून आपण रुग्णाच्या शरीरात किरणांची जी मात्रा घालतो, तिचे मोजमाप, तिचा हिशेब आणि तिची काटकसर, हा तो विषय होय.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीवर टी.एल.डी.चा बिल्ला असतो. तो ठरावीक मुदतीने तपासणीस जातो, त्याचा अहवाल येतो आणि दफ्तरी दाखल होतो. १९८३ साली स्थापन झालेल्या आणि मुंबईच्या अणुशक्तीनगरातून सर्व देशाचा या बाबतीतील बंदोबस्त पाहणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाने आपल्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, अशी मर्यादा घालून दिलेली आहे. आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकासाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. परंतु त्याच खोलीत टेबलावर निजलेल्या, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या रुग्णासाठी मात्र कायद्याने कोणतीही मर्यादा सांगितलेली नाही. ही कायद्यातील उणीव नव्हे. अपघातात सापडलेल्या माणसाची मर्यादा संपली म्हणून त्याच्या डोक्याचा सीटी नाकारावा लागला, तर तो कायदा त्याचे प्राण घेईल. म्हणूनच १९२८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने रुग्णाच्या बाबतीत मर्यादेऐवजी दोन अटी घातल्या. तपासणी समर्थनीय असली पाहिजे, आणि ती करताना निदानास आवश्यक तेवढीच मात्रा दिली गेली पाहिजे. या दोन अटींपैकी पहिली बव्हंशी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या हाती आहे. दुसरी जवळजवळ संपूर्णपणे आपल्या हाती आहे. कायद्याने जेथे आकडा सांगितला नाही तेथे तो ठरविण्याची मुखत्यारी आपल्याकडे आली आहे, आणि तिचा वापर आपण कसा करतो हे विचारणारा रुग्ण आपल्याला सहसा भेटत नाही.

हाताची एक साधी सवय किती दूरवर पोहोचू शकते, याचे जे उदाहरण मला सदैव अस्वस्थ करीत आले आहे, ते कॅनडातील आहे. क्षयावर परिणामकारक औषधे उपलब्ध होण्यापूर्वी फुप्फुसाभोवती हवा भरून ते मिटवून ठेवण्याचा उपचार सर्वत्र रूढ होता, आणि तो नीट चालला आहे की नाही हे पाहण्यासाठी रुग्णाला महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, फ्लुओरोस्कोपीच्या पडद्यामागे पुनःपुन्हा उभे करावे लागे. नोव्हा स्कोशिया प्रांतातील अशा स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे इयान मॅकेंझी यांनी १९६५ साली दाखवून दिले. पुढे सर्व कॅनडातील रुग्णांचा तपशील गोळा झाला, तेव्हा असे आढळले की इतर प्रांतांत रुग्ण बहुधा नळीकडे पाठ करून उभे राहत, तर नोव्हा स्कोशियात ते नळीकडे तोंड करून उभे राहत; आणि केवळ एवढ्या फरकाने स्तनांना मिळणारी मात्रा वीस पटींहून अधिक भरत असे. रोग तोच, उपचार तोच, यंत्रेही थोडीफार तशीच; भेद होता तो फक्त रुग्णाला कोणत्या तोंडाने उभे करावयाचे या शिरस्त्याचा, आणि तो शिरस्ता कोणी कधी विचारपूर्वक ठरविला असेल असे मला वाटत नाही.

हा इतिहास जुना झाला म्हणून बाजूला सारावा, तर आपल्या विभागांत आजही पाठीच्या कण्याचा बाक मोजण्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुली दर काही महिन्यांनी येतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना सवयीने नळीकडे तोंड करूनच उभे केले जाते. वाढत्या वयातील स्तनांच्या ऊती किरणांना विशेष संवेदनशील असतात; मुलीला पाठमोरी उभी केली तर पुढच्या अंगाला पोहोचण्यापूर्वी किरणांचा फार मोठा भाग शरीरातच शोषला जातो, आणि कण्याचा कोन मोजण्यास यत्किंचितही बाध येत नाही. यासाठी यंत्र बदलावे लागत नाही, मंजुरी लागत नाही, खर्चही पडत नाही. अमुक तपासणी आपण अशीच का करतो, हा प्रश्न विभागातील ज्येष्ठांनी एकदा स्वतःला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.

फिल्मच्या काळात एक मोठी सोय होती, ती आता उरलेली नाही. मात्रा अधिक झाली की फिल्म काळी पडे आणि काम बिघडल्याचे सर्वांना दिसे. डिजिटल पद्धतीत मात्रा कमी पडली तर प्रतिमेत दाणे उमटतात आणि अहवाल देणारे डॉक्टर तक्रार करतात. पण दुप्पट झाली तर प्रतिमा उलट अधिक स्वच्छ दिसते आणि कोणीही काही बोलत नाही. ज्या दिशेने चुकल्यास बोलणी खावी लागतात ती सोडून मनुष्य दुसऱ्या दिशेला झुकतो, आणि एम.ए.एस.चा आकडा महिन्यामागून महिना हळूहळू चढत जातो. त्याला आवर घालणारा एकच साक्षीदार यंत्राने प्रतिमेच्या कोपऱ्यात ठेवलेला आहे. तो म्हणजे विचलनांक. तो शून्यावर असावा. अधिक ३ दाखवीत असेल तर आपण अपेक्षेच्या दुप्पट मात्रा दिली, उणे ३ दाखवीत असेल तर निम्मी. प्रतिमा पुढे पाठविण्यापूर्वी या एका आकड्याकडे नजर टाकण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही.

दुसरी तितकीच अदृश्य गोष्ट कोलिमेटरची. तान्ह्या मुलाच्या छातीचा फोटो काढताना प्रकाशाचा चौकोन हनुवटीपासून मांड्यांपर्यंत उघडा ठेवावयाचा, आणि नंतर पडद्यावर प्रतिमेच्या कडा कापून ती नेटकी करावयाची, ही रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. कापलेली कड पडद्यावरून नाहीशी होते, मुलाच्या पोटातून गेलेला किरण परत येत नाही. २४ बाय ३० सेंटिमीटरचे क्षेत्र १८ बाय २४ वर आणले तर किरणांखाली येणारे क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी घटते, विखुरलेले किरण कमी झाल्यामुळे प्रतिमाही सुधारते. आणि हे सारे दोन खटके फिरविण्याचे काम आहे.

सीटीच्या बाबतीत आकडेच वेगळ्या श्रेणीचे आहेत. छातीच्या एका साध्या फोटोची परिणामी मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गाकडून आपल्याला तीन-चार दिवसांत मिळते तितकी. पोटाच्या एका सीटीची सुमारे ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांची. तो प्लेन, मग कॉन्ट्रास्टसह, मग पुन्हा उशिराने, असा तीनदा घेतला तर मात्रा तिप्पट होते, आणि निदानाला तिन्ही फेऱ्या लागतातच असे नाही. ब्रिटनमध्ये बालपणी सीटी झालेल्या सुमारे १,८०,००० जणांच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या १०,००० सीटींमागे पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक असे जादा रुग्ण अपेक्षित धरावे लागतात. हा धोका इतका अल्प आहे की गरज असलेल्या मुलाचा सीटी कोणत्याही मातेने भयाने टाळू नये. पण तो शून्य नाही, आणि म्हणून मोठ्या माणसाची मांडणी जशीच्या तशी ठेवून चार वर्षांच्या मुलाला यंत्रात सरकविणे समर्थनीय ठरत नाही.

एक गोष्ट आपल्या खोलीबाहेरची आहे, तरी ती सांगतो. तालुक्याच्या गावाहून आलेला रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीत आपले सगळे जुने फोटो जपून घेऊन येतो, आणि नव्या रुग्णालयात ती पिशवी न उघडताच त्याच्या हाती नवी चिठ्ठी दिली जाते. ती पिशवी आपण उघडावी. आठवड्याभरापूर्वीचा तोच फोटो तीत सापडला तर डॉक्टरांना दूरध्वनी करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जी तपासणी झालीच नाही तिच्याइतकी मात्रा कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही.

आता उपायाविषयी. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात रुग्णालयारुग्णालयांतून मात्रा मोजल्या, तेव्हा एकाच तपासणीसाठी त्या कित्येक पटींनी भिन्न निघाल्या. ज्या रुग्णालयांचे आकडे वरच्या चतुर्थांशात होते त्यांना कारण शोधण्यास सांगण्यात आले. शिक्षा कोणालाही झाली नाही, आकडे केवळ शेजारी शेजारी ठेवण्यात आले. आणि २००० सालापर्यंत तेथील संदर्भ-मात्रा जवळजवळ निम्म्यावर आल्या. अधिक चांगली यंत्रे आली, हेही त्याचे एक कारण आहे; परंतु आपला आकडा शेजाऱ्याच्या दुप्पट आहे हे कळल्यावर कोणताही स्वाभिमानी तंत्रज्ञ स्वस्थ बसत नाही, हे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी बहुतेकांना स्वतःच्या विभागाचा आकडा आज ठाऊक नाही. ही स्थिती बदलावी म्हणून मी या पदाचा उपयोग करू इच्छितो.

उद्या सकाळच्या सत्रात या विषयाचा एक ठराव आपल्यापुढे येईल. प्रत्येक विभागाने छाती, पोट, कंबरेचा मणका आणि डोक्याचा सीटी या चार तपासण्यांसाठी प्रत्येकी तीस प्रौढ रुग्णांची नोंद करावी, असे त्यात सुचविले आहे: वजन, के.व्ही., एम.ए.एस., नळीचे अंतर, आणि सीटीच्या शेवटी यंत्र स्वतःच जे मात्रापत्रक देते त्यातील आकडे. ज्यांच्या यंत्राला मात्रामापक जोडलेला नाही त्यांनी गुणवत्ता-चाचणीच्या अहवालातील नळीच्या उत्सर्जनावरून हिशेब करावा. तो कसा करावयाचा हे दुपारच्या सत्रात फळ्यावर करून दाखविण्याची तजवीज केली आहे. रुग्णाचे नाव कोठेही लिहावयाचे नाही, आणि विभागाचे नावही संकलनानंतर उघड केले जाणार नाही. कोरे तक्ते नोंदणीच्या मेजावर ठेवले आहेत. पुढील अधिवेशनाच्या दोन महिने आधी ते भरून कार्यवाहांकडे पोहोचावेत, म्हणजे पुढच्या वर्षी या व्यासपीठावरून जो कोणी बोलेल, त्याला इंग्लंडचे आकडे सांगावे लागणार नाहीत.